दोन काठ्यांची दोन तारवे : ‘सुहैली’ आणि ‘जोशुआ’

मांडव्याहून लाँचने मुंबईस जाताना गेटवे जवळ येऊ लागला की डाव्या हाताला कुलाब्याचा किनारा दिसू लागतो. (आपल्या जिल्ह्याचे १९८१ पर्यंतचे नावही कुलाबाच; पण येथे मुंबईचा कुलाबा समजावा.) या कुलाब्यातल्या एका कारखान्यात १९६३ साली सागवानी लाकडाच्या एका लहानशा शिडाच्या नौकेचा कणा घातला गेला. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली आणि त्यापुढच्या डिसेंबरात तीन माणसांना घेऊन मुंबई बंदराबाहेर पडली. हीच नौका २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडातील फाल्मथ बंदरात शिरली तेव्हा तिच्यावर एकच माणूस होता, आणि तो ३१२ दिवसांत, कोणत्याही बंदरात न उतरता, पृथ्वीला वळसा घालून आला होता. एकट्याने, न थांबता केलेली ती जगातली पहिली सागरी प्रदक्षिणा. माणसाचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आणि नौकेचे नाव ‘सुहैली’.

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहात या नौकेवरून आमचा चांगलाच वाद झाला. करंज्याचा माझा एक वर्गमित्र आहे. त्याच्या घरी तीन पिढ्यांचा मासेमारीचा धंदा. त्याचे म्हणणे असे की, ‘सुहैली’ मुंबईची म्हणून आपण तिचे गोडवे गातो. परंतु त्याच शर्यतीत ‘जोशुआ’ नावाची एक फ्रेंच पोलादी नौका होती आणि ती हिच्यापेक्षा सर्वच बाबतींत सरस होती. मी अर्थातच ‘सुहैली’चा पक्ष घेतला. शेवटी तो म्हणाला, “उद्या रेवदंड्याच्या खाडीतून निघून तुला एकट्याला आफ्रिकेस जायचे आहे आणि दोन्ही नावा समोर नांगरून ठेवल्या आहेत. कुठल्या नावेत चढशील? जीव तुझा आहे, हे ध्यानात धरून सांग.” अशा प्रश्नाला अभिमानाने उत्तर देऊन भागत नाही. म्हणून मिळेल ते वाचले, दोन्ही नौकांची मापे, प्रवास आणि मोडतोड शेजारी शेजारी मांडून पाहिली. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहे.

प्रथम या नौकांची जात. दोन्हींना इंग्रजीत केच म्हणतात. केचला दोन डोलकाठ्या असतात. पुढची मोठी, मागची लहान, आणि मागची काठी सुकाणूच्या खांबाच्या पुढे रोवलेली असते. तीच काठी सुकाणूच्याही मागे, अगदी टोकाशी गेली, तर नौकेला केच न म्हणता यॉल म्हणतात. आपल्या किनाऱ्याला ही मांडणी अगदीच परकी नाही. फत्तेमारीला पुढे मोठी आणि मागे लहान अशा दोन काठ्या असत; मागल्या काठीला जुनी माणसे ‘कलमी’ म्हणत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमारातील गलबतांचे जे वर्णन केले आहे त्यातही हेच दिसते : क्वचितच सत्तर टनांच्या वर जाणारे तारू, दोन काठ्या, त्यांतली मागची अगदी नाजूक, पुढच्या काठीवर एकच मोठे तिकोनी शीड, आणि वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ही. खुद्द केच जातीची जहाजे आपल्याकडे आली ती मात्र मित्रभावाने नव्हे. १७५६ साली इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला त्या वेळी उखळी तोफा बसवलेली केच त्यांच्या आरमारात होती.

पण साम्य येथेच संपते. आपल्या जुन्या तारवांचे शीड एका लांब, जड, तिरप्या दांड्याला बांधलेले असे. त्याला परबाण म्हणतात. माझे आजोबा रेवदंड्याच्या एका मचव्यावर तांडेल होते. दिशा बदलून शीड दुसऱ्या बाजूस घ्यायचे तर परबाण काठीभोवती फिरवून न्यावे लागे, आणि त्या कामाला सगळे खलाशी लागत. जोराच्या वाऱ्यात ते करताना माणूस समुद्रात पडल्याच्या गोष्टी ते सांगत. केचच्या शिडाला परबाण नसते. शिडाची पुढची कड काठीलाच धरून असते, खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो, आणि नौका वळली की शीड आपोआप पलीकडे जाते. त्यामुळे एका माणसाचे काम होते.

मग दोन काठ्या कशासाठी? याचे उत्तर मला फार व्यवहारी वाटले. जेवढे मोठे शीड तेवढे ते ओल्या हातांनी, अंधारात, हेलकावणाऱ्या फळीवर उभे राहून उतरवणे अवघड. एकूण कापड तेवढेच ठेवून ते तीन-चार तुकड्यांत विभागले तर कोणताही तुकडा एका माणसाच्या आवाक्यात राहतो. वारा वाढला की मधले मोठे शीड साफ उतरवायचे आणि पुढचे लहान तिकोनी शीड व मागचे कलमी शीड यांवर चालायचे. नौकेचा तोल ढळत नाही. दुसरा फायदा याहून मोठा. पुढचे शीड नौकेचे नाक वाऱ्यापासून दूर ढकलते, मागचे शीड ते वाऱ्याकडे वळवते. दोहोंचे दोर थोडे ताणून, थोडे सैल करून दोन्ही जोर एकमेकांशी जुळवले की सुकाणूचा दांडा बांधून ठेवला तरी नौका सरळ जाते आणि माणसाला झोप मिळते. एकट्या प्रवाशाला झोप ही अन्नाइतकीच आवश्यक वस्तू आहे.

तोटेही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. काठ्या दोन म्हणजे तारा, दोर, कप्प्या सर्वच जास्त. खर्च जास्त, मोडण्याच्या जागाही जास्त. मागच्या शिडाला पुढच्या शिडावरून आलेला, ढवळलेला वारा मिळतो. वाऱ्याच्या तोंडावर चढत जायचे असेल तर एकाच उंच काठीची आधुनिक नौका केचला सहज मागे टाकते.

आता ‘सुहैली’. नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. मुंबई ते इराणचे आखात अशा त्याच्या फेऱ्या होत. आपली एक नौका बांधावी आणि तीतूनच मायदेशी जावे, असे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवले. इंग्लंडहून मागवलेले नकाशे आले ते हवे होते त्या नौकेचे नव्हतेच. ते होते विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराने १९२० च्या दशकात आखलेल्या ‘एरिक’ नावाच्या नौकेचे. एरिकचे मूळ आणखी मागे, नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या जीवरक्षक होड्यांत. वादळात अडकलेल्या कोळ्यांना आणण्यासाठी ज्या होड्या वादळातच बाहेर पडत, त्यांचा हा वंश. रुंद, जड, दोन्ही टोकांना निमुळती, आणि जहाजासारखा लांब कणा. वेळ आणि पैसा दोन्ही कमी असल्याने आले ते नकाशे घेऊन काम सुरू झाले.

‘सुहैली’ची लांबी सुमारे ३२ फूट, रुंदी ११ फूट, पाण्याखालची खोली साडेपाच फूट. लांबीच्या एकतृतीयांशाहून अधिक रुंदी म्हणजे शर्यतीच्या घोड्यापेक्षा बैलगाडीशी तिचे नाते जवळचे. बांधणीची हत्यारे आपल्या सुतारांच्या घरची : वाकस, आणि दोरीच्या धनुकलीने फिरवायचा सामता. लाकूड सर्व सागवान. सागवानाची कीर्ती मुंबईला नवी नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. सागाच्या अंगात तेल असते, त्यामुळे तो कुजत नाही आणि त्याला कीडही सहज लागत नाही. ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाऊन टाकते, तसे सागात होत नाही. तरीही लोखंड ते लोखंड. ‘सुहैली’ला वापरलेले जस्ताच्या मुलाम्याचे लोखंडी खिळे पुढे काय करणार होते ते शेवटी येईलच.

नावाबद्दल एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. सुहैल हे त्यांच्याकडे एका तेजस्वी ताऱ्याचे नाव, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्त्य. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव अशा आडवाटेने या नौकेला मिळाले.

‘जोशुआ’चा जन्म समुद्रापासून दूर, फ्रान्समधील शोफाय या गावी, १९६१-६२ साली झाला. तिचा मालक बर्नार मॉयतेसिए याचा जन्म हनोईचा, बालपण इंडोचायनात, आणि नौकानयनाचे पहिले धडे सयामच्या आखातातील देशी होड्यांवर. अशीच एक देशी होडी घेऊन तो हिंदी महासागर ओलांडू लागला आणि १९५२ साली दिएगो गार्सिया बेटाच्या खडकांवर ती फुटली. पुढे त्याने आपल्या भटकंतीचे पुस्तक लिहिले. ते वाचून झां फ्रिको नावाच्या एका कारखानदाराने, केवळ सामानाच्या किमतीत तुला पोलादी नौका बांधून देतो, असे कळवले. रचना झां नॉकेर याची. लांबी सुमारे १२ मीटर, म्हणजे ३९ फुटांहून थोडी अधिक. दोन्ही टोके निमुळती. अंगाला लाल रंग. डोलकाठ्यांसाठी पैसे उरले नाहीत म्हणून तारायंत्राचे खांब उभे केले. १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जोशुआ स्लोकम याचे नाव तिला दिले. स्लोकम मात्र वाटेत बंदरे घेत गेला होता.

या नौकेवरून मॉयतेसिए आणि त्याची पत्नी १९६५-६६ मध्ये ताहितीहून केप हॉर्नमार्गे स्पेनला न थांबता आली : १२६ दिवस, चौदा हजारांवर सागरी मैल. तेव्हा १९६८ च्या शर्यतीत ‘जोशुआ’ उतरली ती जगातल्या सर्वांत वाईट समुद्राची परीक्षा आधीच उत्तीर्ण होऊन.

ही शर्यत लंडनच्या एका वृत्तपत्राने लावलेली. १९६८ च्या जून ते ऑक्टोबर या दरम्यान केव्हाही, एकट्याने निघायचे. दक्षिणेकडची तिन्ही भूशिरे ओलांडून, न थांबता, कोणाचीही मदत न घेता परत यायचे. नऊजण निघाले, एकजण पोहोचला.

‘सुहैली’ १४ जून १९६८ ला फाल्मथहून निघाली आणि १७ जानेवारी १९६९ ला केप हॉर्नला वळसा घालती झाली. ‘जोशुआ’ २२ ऑगस्टला प्लिमथहून निघाली आणि ५ फेब्रुवारीला तेथे पोहोचली. म्हणजे एकीला २१७ दिवस लागले, दुसरीला १६७. तेवढ्याच पाण्यावर पन्नास दिवसांचा फरक! माझ्या मित्राचा हा हुकमाचा पत्ता. यामागचे शास्त्र थोडक्यात असे : पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. नौका आपणच उठवलेल्या लाटेच्या खोबणीत अडकते, आणि लांब नौकेची खोबण लांब. ‘सुहैली’ची ही लांबी २८ फूट; तिला सात सागरी मैलांच्या वर ताशी वेग फारसा झेपत नाही, आणि प्रत्यक्षात तिची सरासरी चारच्या आसपास पडली. सात फूट जादा लांबीमुळे ‘जोशुआ’ला केवळ वेगच नव्हे, तर सामान, पाणी आणि हालचालीला जागाही अधिक मिळाली.

परंतु दूरच्या प्रवासात वेगापेक्षा मोठा प्रश्न असतो मोडतोडीचा. काय मोडले, आणि ते कशाने दुरुस्त झाले?

‘सुहैली’ केप व्हर्ड बेटांजवळ पोहोचण्यापूर्वीच पाणी घेऊ लागली. नॉक्स-जॉन्स्टनने बुडी मारून पाहिले तो कण्यालगतच्या पहिल्या फळीची फट दोन्ही बाजूंना सुमारे आठ-आठ फूट उघडी पडली होती. आपल्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही होडीवाल्याला हे दुखणे ठाऊक आहे, आणि औषधही. फटीत कापूस ठासायचा. पण आपण ते पावसाळ्याआधी होडी वाळूत ओढून, झावळ्यांनी शाकारून, चहा पीत करतो. हा गृहस्थ भर अटलांटिकमध्ये, श्वास रोखून, पाण्याखाली करीत होता. कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि त्यावर तांब्याचा पत्रा खिळ्यांनी ठोकला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला. वर येऊन बंदुकीने तो मारावा लागला, मग पुन्हा खाली. हा पत्राही आगाऊ विचाराने घेतलेला नव्हता. बिनतारी यंत्र बसवणाऱ्या कारागिरांनी टाकून दिलेला तो तुकडा होता. त्या पट्टीवर ती नौका उरलेले जग फिरली.

‘जोशुआ’ला हा त्रासच नव्हता. जोडकाम सगळे वितळजोडाचे, फट नावाची गोष्टच नाही. केप ऑफ गुड होपजवळ निरोप पोहोचवण्याच्या प्रयत्नात एका मालवाहू जहाजाने तिला धडक दिली आणि नाळेपुढचा पोलादी दांडा वाकला. मॉयतेसिएने कप्प्या आणि दोर लावून तो समुद्रावरच पुन्हा सरळ केला. लाकडी नौकेची त्या धडकेत काय गत झाली असती याची कल्पना करवत नाही. येथे ‘जोशुआ’ला पुरे गुण दिले पाहिजेत.

पुढचा मुद्दा सुकाणूचा. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे स्वयंचलित सुकाणू दोघांकडेही होते. असे यंत्र नौकेच्या मागच्या टोकावर बसवतात. पण केचचे कलमी शीड आणि त्याचा आडवा दांडा नेमके तेथेच फिरत असतात. ‘सुहैली’त जागाच नव्हती, म्हणून दोन्ही कुशींना नळ्यांचे सांगाडे बांधून दोन पंखे बसवावे लागले. हा डोलारा लाटांनी वरचेवर मोडला आणि ऑस्ट्रेलियाजवळ निकामीच झाला. ‘जोशुआ’चे यंत्र साधे, सुकाणूलाच जोडलेले, काही क्षणांत बदलता येण्याजोगे. म्हणजे एकाच जातीच्या दोन नौकांत, रचनाकाराने मागच्या हाताची जागा कशी सोडली यावर एवढे अवलंबून राहिले.

गंमत अशी की, ‘सुहैली’चे खरे सामर्थ्य हे यंत्र मोडल्यावरच दिसले. पुढचे पाच महिने, केप हॉर्न धरून फाल्मथपर्यंत, ती बहुतांशी शिडांच्या तोलावर, सुकाणूचा दांडा बांधून चालवली गेली. रुंद, जड, लांब कण्याची आणि दोन काठ्यांची नौका. तिला एकदा सरळ लावली की ती सहसा वाट सोडत नाही. जे गुण शर्यतीत ओझे ठरतात तेच एकट्या, थकलेल्या माणसाच्या कामी आले. बिनतारी यंत्र बंद पडले होते, टाक्यांतले गोडे पाणी नासले होते, एका प्रचंड लाटेने नौका आडवी होऊन छपराचे सांधे ढिले झाले होते. पण शिडे, दोर आणि दांडा यांत बिघडण्यासारखे असे काही नव्हते की जे सुई, दोरा, हातोडी यांनी सुधारणार नाही.

वादळातले वर्तन हा तर दोघांतला सर्वांत उद्बोधक भेद आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्यांना ‘गर्जणारे चाळीस’ म्हणतो त्या वाऱ्यांत लाटा मागून येतात. नौका लाटेच्या उतारावरून वेगाने घसरली तर नाक पाण्यात खुपसून उलटू शकते, किंवा आडवी होऊन लोळते. नॉक्स-जॉन्स्टनने लांबच लांब दोराचे वेटोळे मागे सोडून ‘सुहैली’ला रोखून धरले. मॉयतेसिएनेही पूर्वी, १९६५-६६ च्या प्रवासात, असे दोर सोडले होते. पण त्यांनी नौका जखडली जाते आणि लाटा अंगावर फुटतात असे पाहून त्याने ते चाकूने कापून टाकले, आणि मोकळ्या नौकेला वेगात ठेवून प्रत्येक लाट थोडी तिरकी घेण्याची रीत धरली. दोघेही वाचले, तेव्हा चूक कोण, हा प्रश्नच गैर. ‘जोशुआ’ लांब होती, सुकाणूला चटकन वळत होती. तिला पळणे शोभत होते. पळण्याचा आव ‘सुहैली’ने आणला असता तर कदाचित ती परतली नसती. पण पळणाऱ्या नौकेला प्रत्येक लाटेला जागा माणूस लागतो. मागे दोर सोडलेल्या नौकेत माणूस आत जाऊन पडू शकतो.

शर्यत कोणी जिंकली हे सर्वश्रुत आहे. मॉयतेसिएने केप हॉर्ननंतर विचार बदलला. मार्च १९६९ मध्ये केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकून त्याने शर्यत सोडल्याचे कळवले आणि तो तसाच दुसऱ्यांदा हिंदी महासागर ओलांडून जूनमध्ये ताहितीला पोहोचला. दहा महिने अखंड समुद्रावर! तो सरळ इंग्लंडला परतला असता तर सर्वांत कमी दिवसांचे बक्षीस त्याला मिळाले असते असे पुष्कळांचे मत आहे. डोनाल्ड क्रोहर्स्ट या तिसऱ्या स्पर्धकाची नौका जुलैत अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला दिले.

असो. आता मित्राच्या प्रश्नाकडे वळतो. केप हॉर्नला जायचे असेल तर मी मुकाट्याने ‘जोशुआ’त चढेन. तेथे वेग म्हणजे संकटात घालवण्याचे दिवस कमी, आणि पोलादाला धडकेची भीती कमी. पण त्याने विचारले होते रेवदंडा ते आफ्रिका. हा मार्ग आपल्या लोकांचा शेकडो वर्षांचा. दिवाळीनंतर ईशान्येचा वारा स्थिरावतो आणि मागून अथवा कुशीवरून नौकेला आफ्रिकेपर्यंत नेतो. परतताना पाऊस सुरू होण्यापूर्वीचा नैर्ऋत्येचा वारा धरायचा. ‘सुहैली’ स्वतः मस्कतमार्गे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली गेली ती हाच वारा धरून. या वाटेवर वाऱ्याच्या तोंडावर चढावे लागत नाही, म्हणून केचचा मुख्य दोष झाकला जातो. लाटा दक्षिण महासागरासारख्या नसतात, म्हणून पन्नास दिवसांच्या फरकाचे काही दिवसच उरतात. मग उरतो प्रश्न दुरुस्तीचा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद किती वेगाने गंजते हे कुंडलिकेच्या काठी पडलेला कोणताही लोखंडी नांगर सांगेल. आतल्या बाजूने, पाणी साचते त्या कोपऱ्यात धरलेला गंज बाहेरून दिसत नाही, आणि पत्रा पातळ झाला तर तो पुन्हा जोडायला कारखाना लागतो. सागाची फळी मात्र मस्कतपासून झांझिबारपर्यंत कोणत्याही किनाऱ्यावर बदलून मिळे.

मिळे, असा भूतकाळ मी हेतुपुरस्सर वापरला आहे. माझ्या मित्राने येथेच मला अडवले आणि त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. आजोबांच्या पिढीतच शिडाच्या जागी इंजिन आले, आणि आता लाकडाच्या जागी फायबर येत आहे. मित्राच्या घरची नवी होडी फायबरचीच आहे. ती हलकी आहे, दर वर्षी कापूस ठासावा लागत नाही, आणि सागाचा भाव परवडण्यासारखा राहिलेला नाही. त्याच्या वडिलांना त्यात काही गैर वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण ‘सुहैली’ निवडताना मी जे गृहीत धरतो, की वाटेत वाकस चालवणारा कोणीतरी भेटेल, ते गृहीत दर वर्षी थोडे थोडे खोटे ठरत चालले आहे. आणखी वीस वर्षांनी हा प्रश्न मला कोणी विचारला तर माझे उत्तर ‘जोशुआ’ असू शकेल, आणि त्याचे कारण दोन्ही नौकांत नसून आपल्या खाडीकाठी असेल.

केचबद्दल आणखी एक समजूत तपासून पाहण्याजोगी आहे : एक काठी मोडली तरी दुसरी उरते. १९६८ च्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, जुन्या धाटणीच्या लहान नौकांची आणि जुन्याच साधनांची तशीच शर्यत फ्रान्समधून सुरू झाली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी हे ‘तुरीया’ नावाच्या नौकेतून निघाले होते. ही ‘सुहैली’चीच प्रतिकृती, गोव्याच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली. (याच ठिकाणी तयार झालेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये भारतीयाची पहिली एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा केली, ‘म्हादेई’ मात्र एका काठीची, ५६ फुटी.) २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ‘तुरीया’ पूर्ण लोळली. टॉमी काठीवर लटकले, खाली कोसळले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. नौकेच्या डोलकाठ्या मोडून पडल्या. त्याच वादळात ग्रेगर मॅगकिन या आयरिश स्पर्धकाच्या केचच्याही दोन्ही काठ्या गेल्या. लाट नौकेला पुरती उलटी करते तेव्हा ती काठ्या मोजत नाही. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचलले. हेच टॉमी पुढच्या शर्यतीत एका काठीच्या नौकेतून उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने परत आले.

मूळच्या दोन्ही नौका अजून आहेत. ‘जोशुआ’ १९८२ च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वादळात वाळूवर फेकली गेली. मॉयतेसिएने ती नाममात्र किमतीत तरुणांना देऊन टाकली. पुढे फ्रान्समधील ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने ती घेतली आणि ती पुन्हा पाण्यावर आली. ‘सुहैली’ काही वर्षे लंडनजवळ ग्रीनिचच्या संग्रहालयात छपराखाली ठेवली होती. तेथील कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, म्हणून नॉक्स-जॉन्स्टनने तिला बाहेर काढले. नंतर त्याने तिचे गंजलेले लोखंडी खिळे काढून त्या जागी काशाचे घातले. मुंबईचा साग तसाच ठेवला.